हिरवे फोटो, पांढरे ठिपके: सोलापूरच्या एका लग्न-छायाचित्रकाराचं समुद्राखालचं प्रकरण

मालवणहून आणलेल्या कार्डात चारशेच्या आसपास फ्रेम होत्या आणि छापावी अशी एकही नव्हती. काढणारा नवशिका असता तर यात नवल नव्हतं. पण हा माणूस सोलापुरात लग्नाचे फोटो काढतो. अंधाऱ्या मंगल कार्यालयात, अक्षता पडत असताना, पाहुण्यांच्या खांद्यावरून नेमका क्षण उचलण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. डायव्हिंगचा ओपन वॉटर अभ्यासक्रमही त्यानं रीतसर पुरा केलेला, म्हणजे जोडीदारासह १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा. तरीही सगळे फोटो हिरवट, धुरकट, वर पांढरे ठिपके, आणि माशांच्या शेपट्याच शेपट्या.

आम्ही काही जण अधूनमधून एकमेकांचे फोटो समोर ठेवून बसतो. तिथे पहिली फ्रेम पडद्यावर आली तेव्हा कुणीतरी विचारलं, “हे काय, माशाचं लग्न लावलास की काय?” तो हसला, पण निदान तो घरूनच करून आला होता. “कॅमेऱ्याचाच दोष आहे की, मालक. बदलायचा.” कोटेशन खिशात होतं: फुल फ्रेम मिररलेस, त्याचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग (पाणी आत न येऊ देणारी पेटी), दोन स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश). तेवढ्या पैशात चांगली जुनी मोटार आली असती. मी त्याला कार्ड, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि डाइव्हच्या नोंदींचं लॉगबुक, तिन्ही माझ्याकडे ठेवून जायला सांगितलं. पुढचं सगळं त्या तीन वस्तूंमधून निघालं आहे. नाव न छापण्याच्या अटीवर लिहायला त्याची हरकत नाही.

फोटोंमध्ये काय होतं

सामान साधं होतं: खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा, प्लास्टिकचं पारदर्शक हाउसिंग आणि डाव्या बाजूला आखूड दांडीवर एक स्ट्रोब. खोली सहा ते नऊ मीटर. महिना ऑक्टोबरचा शेवट, तुळशीच्या लग्नाआधीचा. लग्नं नव्हती म्हणून तो गेला. पाणी चांगलं होतं म्हणून नव्हे. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तेव्हा पुरता बसलेला नसतो. वाईट फोटोंपैकी काही भाग या तारखेच्या नावावर टाकायलाच हवा.

हिरवेपणा समजायला अवघड नाही. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं. पहिल्या चार-पाच मीटरांतच लाल फिका पडतो, मग नारिंगी, मग पिवळा. खोल समुद्राच्या नितळ पाण्यात शेवटी निळा उरतो. कोकण किनाऱ्याजवळ प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि विरघळलेला सेंद्रिय भाग निळ्यातलाही वाटा खातात, म्हणून आपल्याकडे हिरवा उरतो. तेव्हा हिरवे फोटो म्हणजे कॅमेरा बिघडलेला नाही. तिथे जे आहे तेच तो दाखवतो.

हरवलेला लाल रंग परत आणायचा तर उजेड आपण खाली न्यायला हवा. हे फार जुनं ज्ञान आहे. विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून भगभगीत उजेड पाडावा लागला होता. आज ते काम मुठीएवढा स्ट्रोब करतो. आमच्या छायाचित्रकाराकडे स्ट्रोब होता, तो चमकतही होता. मग लाल गेला कुठे?

याचं उत्तर फाइलींच्या आत नोंदलेलं होतं. निम्म्याहून जास्त फ्रेम झूमच्या लांबच्या टोकाला काढलेल्या होत्या. काही फ्रेममध्ये जोडीदाराचा पाय आला होता. त्याच्या फिनची, म्हणजे पायातल्या वल्ह्याची, लांबी माहीत असल्यामुळे अंतराचा अंदाज काढता आला: अडीच-तीन मीटर. स्ट्रोबचा प्रकाश माशापर्यंत जातो आणि तिथून लेन्सपर्यंत परत येतो. तीन मीटरवरच्या माशासाठी तो सहा मीटर पाणी ओलांडतो. पाण्याला वर-खाली आणि आडवं यात काही फरक नाही. सहा मीटर म्हणजे सहा मीटर, लाल तेवढ्यात संपला. शिवाय मधल्या पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण त्या प्रकाशात उजळून लेन्सकडे परतला. पांढरे ठिपके ते हेच. स्ट्रोब लेन्सच्या इतका जवळ होता की कणांची उजेड पडलेली बाजूच कॅमेऱ्याला दिसत होती.

फसगतीला आणखी एक हातभार होता. पाण्यात मास्कच्या काचेतून वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर भासते आणि एक-तृतीयांशानं मोठी दिसते. त्याला वाटत होतं आपण दोन मीटरवर आहोत.

पण मूळ कारण नजरेच्या फसगतीत नाही, सवयीत आहे. लग्नात चांगला फोटोग्राफर मागे सरतो. लांब लेन्स लावून गर्दीच्या पलीकडून टिपलेला चेहरा नैसर्गिक येतो, शिवाय सप्तपदीच्या मधोमध कडमडणारा फोटोग्राफर कुणाला आवडत नाही. वर्षानुवर्षांची ही शिस्त त्याच्या अंगात मुरलेली. समुद्राखाली ती शिस्तच आड येते. तिथे पाणी कमी करणं हाच पहिला उपाय, म्हणजे रुंद कोन आणि हातभर अंतर. सात-आठ मीटरपर्यंत दिसत असेल तर फोटो एका मीटरच्या आतच काढावा, असा माझा हिशेब आहे. लहान जिवांसाठी त्याहूनही जवळून.

दोन घड्याळं

इथवरचं कुणीही सांगितलं असतं. मला खटकत होती ती वेगळी गोष्ट. एकाच माशाच्या पाठोपाठच्या फ्रेम पाहिल्या तर पहिली त्यातल्या त्यात स्वच्छ असे. तिसऱ्या-चौथ्यापासून खालून दुधाळ ढग येई आणि शेवटच्यात मासा पाठ फिरवून चाललेला असे. ऑक्टोबरच्या गाळानं सगळ्याच फ्रेम सारख्या बिघडायला हव्या होत्या. ढग मागाहून येत होता, म्हणजे तो कुणीतरी उठवत होतं.

लॉगबुकात आणखी एक धागा होता. २०० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) दाबाचा सिलिंडर त्याचा जोडीदार आरामात वापरून येई. हा त्याच डाइव्हमध्ये कितीतरी आधी ५० बारला टेकलेला. शरीरयष्टी दोघांची जवळपास सारखी.

मग डाइव्ह कॉम्प्युटरचा आलेख उघडला. तो दर काही सेकंदांनी खोली नोंदवून ठेवतो. शांत पोहणाऱ्याची रेघ सपाट जाते. याच्या रेघेला करवतीचे दाते होते. मीटर-दीड मीटर वर, धपकन खाली, पुन्हा वर. हे दाते फोटोंशी जुळतात का ते बघायचं होतं, पण कॅमेऱ्याचं घड्याळ आणि कॉम्प्युटरचं घड्याळ एक नव्हतं. नशिबानं त्यानं हौसेनं मनगटावरच्या कॉम्प्युटरचाच एक फोटो काढला होता. त्यावरून दोन घड्याळांतला फरक कळला आणि सगळ्या वेळा सरकवून आलेखावर मांडल्या.

जवळजवळ प्रत्येक दात्याच्या चढावर फोटो होते.

त्याला बोलावून विचारलं, “लग्नात, कमी उजेडात, शटर दाबताना काय करतोस?” तो म्हणाला, “श्वास रोखतो. सगळेच रोखतात की.” बरोबरच आहे. सेकंदाच्या तिसाव्या भागात हात हलू नये म्हणून जमिनीवर प्रत्येक चांगला फोटोग्राफर श्वास धरतो. पाण्यात श्वास धरला की काय होतं हे त्यानं अभ्यासक्रमात शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बोट शटरवर गेलं की शरीर मंगल कार्यालयात जात होतं.

स्कूबाच्या पाणबुड्याची फुप्फुसं हाच त्याचा सगळ्यात नाजूक तराजू. एक लिटर हवा जास्त घेतली की साधारण एक किलोची उचल मिळते. छाती भरून धरली तर रोजच्या श्वासापेक्षा दोन-अडीच लिटर हवा सहज जास्त बसते, म्हणजे दोन-अडीच किलोंची उचल. माणूस वर जायला लागतो. वर गेलं की दाब कमी होतो, तरंगण्यासाठी घातलेल्या जॅकेटमधली हवा फुगते आणि तो आणखी वर जातो. मासा फ्रेममधून निसटतो. मग हा पाय मारून खाली येतो. फिनचा फटका वाळूला बसतो आणि ढग उठतो. श्वास सुटतो तेव्हा वजन एकदम जड होतं आणि आधारासाठी हात खडकावर पडतो. या धडपडीत हवा दुप्पट लागते. मासा पळतो. हिरवेपणा सोडला तर कार्डातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या एका गोष्टीत सापडलं.

फोटोचं सोडा, हे जिवाशी होतं. पूर्ण भरलेली फुप्फुसं बंद ठेवून एक-सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. फुप्फुसातून निसटलेला बुडबुडा रक्तात शिरला तर थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. उथळ पाणी सुरक्षित असतं हा समज इथे उलटा पडतो. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दाब निम्मा होतो; ३० मीटरवरून २० वर येताना तो फक्त पावपट कमी होतो. सहा मीटरवर श्वास रोखून वर तरंगणारा फोटोग्राफर म्हणून जास्त धोक्यात असतो. गंमत अशी की रोखायची गरजही नाही. जवळच्या माशावर पडणारा मुख्य उजेड स्ट्रोबचा असतो आणि त्याची चमक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत संपते. हात थरथरला तरी ती क्षण गोठवते.

आलेखाच्या शेवटी आणखी एक गोष्ट सापडली, फोटोशी संबंध नसलेली. शेवटचा डाइव्ह सकाळी उशिरा, आणि त्याच संध्याकाळी तो मोटारीनं घाट चढून सोलापूरच्या वाटेला लागलेला. आंबोलीचा माथा सुमारे ६९० मीटर उंच आहे. डायव्हिंगनंतर अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, म्हणून एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि लागोपाठच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसू नये असा दंडक आहे. तो ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून केलेला आहे. मग ती उंची विमानानं गाठा की मोटारीनं. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. देशावरच्याला दर खेपेला पडायला हवा, आणि इथे फार कमी जणांना पडतो.

सोलापुरातलं पाणी

औषध कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारं नव्हतं. शहरातल्या एका जलतरण तलावाच्या व्यवस्थापकांना गळ घातली. डिसेंबरच्या थंडीत सकाळी तिथे चिटपाखरू नसतं, त्यामुळे खोल बाजू मिळाली. सिलिंडरात श्वसनाची हवा भरण्याची सोय इथे नाही. पुण्याहून एक प्रशिक्षक भरलेले सिलिंडर गाडीत घालून आले.

कॅमेरा त्यांनी पहिल्या दिवशी काढूच दिला नाही. तळापासून वीतभर वर, आडवं, हातांची घडी घालून नुसतं तरंगायचं. श्वास चालू ठेवायचा, पण लहान. वर चढायला लागलं तर पाय मारायचे नाहीत, थोडा जास्त श्वास सोडायचा. कंबरेला त्यानं गरजेपेक्षा बरंच शिसं बांधलेलं निघालं. जास्त वजन म्हणजे जॅकेटात जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे खोली बदलली की जास्त हेलकावा. ते कमी केलं तेव्हा अर्ध्या तक्रारी तिथेच मिटल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा बदल हाच.

मग हातात कॅमेऱ्याऐवजी पाटी. तरंगत राहून पाटीवर नाव लिहायचं. अक्षर लिहिताना तो श्वास धरायचाच. प्रशिक्षक समोरून मास्कवर टिचकी मारायचे. शेवटी त्यांनी नियम घातला: बुडबुडे सुटत असतानाच शटर दाबायचं, म्हणजे संथ उच्छ्वासावर. आवाज ऐकू येतो, त्यामुळे चूक लपत नाही. माशांना बुडबुड्यांची धडकी भरते हे खरं, म्हणून सोडायचं हळू आणि तोंड किंचित बाजूला करून.

कॅमेरा आला तेव्हा लक्ष्य म्हणून पक्क्या रंगाच्या लाल सोलापुरी चादरीचा तुकडा तळाशी वजन लावून ठेवला. एक मीटरवरून आणि तलावाच्या दुसऱ्या टोकाकडून, स्ट्रोब बंद ठेवून, असे दोन फोटो काढले. नितळ, उथळ पाण्यातसुद्धा लांबच्या फोटोत लाल विटकरी झालेला बघून तो गप्प झाला. मी तोंडानं हजार वेळा सांगून जे पटलं नसतं ते त्या तुकड्यानं पटवलं. झूमचं बटण त्यानं चिकटपट्टीनं झाकून टाकलं, कुणी न सांगता.

स्ट्रोबची दांडी लांब केली आणि स्ट्रोब बाजूला, हँडलच्या किंचित मागे नेला. तोंड माशाकडे सरळ न ठेवता थोडं बाहेर वळवलं, म्हणजे उजेडाच्या झोताची कडच माशावर पडते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. हाउसिंगच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, केस किंवा वाळूचा कण नाही ना हे भिंगातून पाहायचं, हे त्याला ठाऊकच होतं. एक गोष्ट मात्र सोलापुरात कळली नसती. इथल्या कोरड्या हवेत बंद केलेलं हाउसिंग तलावात कधी धुरकटलं नाही. मालवणच्या दमट हवेत बंद केलं की काच थंड पाण्याला लागताच आतून घाम धरते. उपाय म्हणजे खोलीतला एसी लावून तिथेच बंद करायचं आणि आत सिलिका जेलची पुडी टाकायची.

धनुर्मासात पुन्हा

धनुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सोलापूरचा लग्न-फोटोग्राफर रिकामा, आणि नेमकं त्याच दिवसांत मालवणचं पाणी त्यातल्या त्यात नितळ. नाताळची गर्दी ओसरल्यावर तो गेला. सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याचं काम आधीच घेतलेलं, त्यामुळे परतीची तारीख पक्की होती. यावेळी शेवटचा दिवस कोरडा ठेवला, किल्ला बघण्यात घालवला.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. तिथे प्रवाळ आहे, आणि खडक बांधणाऱ्या प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आधारासाठी टेकलेला हात म्हणूनच क्षुल्लक नाही. पहिल्या खेपेच्या फोटोंत दोनदा त्याचाच पंजा प्रवाळावर दिसतो.

बरोबरच्या मालवणी प्रशिक्षकानं होडीतच सांगून टाकलं होतं, “फोटो मागीर काढ रे, आधी श्वास घे.” या खेपेला आमच्या छायाचित्रकारानं मासे हेरत फिरणं सोडलं. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला लायनफिश होता, तिथेच थांबला. लायनफिश विषारी काट्यांच्या भरवशावर निवांत असतो, पळत नाही. नवशिक्यासाठी यासारखा मॉडेल नाही, फक्त काट्यांपासून अंतर राखायचं. सार्जंट मेजर माशांचा थवा आधी पांगला आणि हा हलत नाही असं बघून परत आला. बटरफ्लायफिशची जोडी प्रवाळ टोचत टोचत स्वतःहून जवळ आली.

फ्रेम पूर्वीच्या पाव पटीनंही नव्हत्या. ठिपके होते, मालवणात ते असणारच, पण कडेला आणि पुसट. लायनफिशच्या पट्ट्यांचा तांबडा रंग उतरला होता. डोळा धारदार होता. माशाच्या फोटोत डोळा हुकला की बाकी सगळं बरोबर असूनही फोटो मेलेला वाटतो, हे लग्नाच्या फोटोग्राफरला शिकवावं लागलं नाही. आलेखाची रेघ पूर्ण सपाट नव्हती, पण करवतीचे दाते गेले होते. हवा जोडीदाराच्या बरोबरीनं पुरली. एका डाइव्हच्या शेवटी, मोरे ईल (सापासारखा लांब मासा) बिळातून डोकं काढत असताना, जुनी खोड पुन्हा दिसते: एक चढ आणि त्यावर तीन फोटो. तिन्ही हललेले.

फुगलेला केंड

एका फोटोवरून आमच्यात वाजलं, ते अजून मिटलेलं नाही. पहिल्या खेपेतला तो एकुलता एक ‘हिट’ फोटो. काट्यांसकट चेंडूएवढा फुगलेला केंड (पफरफिश), समोरून, दोन्ही डोळ्यांसह. ओळखीपाळखीच्या ग्रुपांवर त्याला धो धो दाद मिळाली. नव्या फोटोंबरोबर तोही भिंतीवर लावू, असं त्याचं म्हणणं.

केंड हौसेनं फुगत नाही. भीतीच्या टोकाला तो पाणी गिळून शरीर फुगवतो. त्यात त्याची ताकद खर्ची पडते आणि त्या वेळात त्याला धड पोहताही येत नाही. फोटोआधीच्या दोन फ्रेममध्ये हातमोजा घातलेला हात दिसतो. होडीवरच्या पोरानं पाहुण्यांसाठी त्याला धरून डिवचलं होतं. “मी हात लावला नाही की, अण्णा,” हा छायाचित्रकाराचा बचाव. शब्दशः खरा.

फ्लॅशचा त्रास होतो म्हणून काहीजण समुद्राखाली फ्लॅशलाच नकार देतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीहॉर्ससारख्या तळाशी राहणाऱ्या माशांवर फ्लॅशचा वेगळा असा मोठा परिणाम दिसला नाही. हाताळण्यानं मात्र ते स्पष्टपणे बिथरले. म्हणजे घातक आहे तो हात, उजेड नव्हे. माझं मत त्याला सांगून झालं आहे: तो फोटो लावू नये, आणि लावलाच तर खाली काय घडलं ते लिहावं. बैठकीतले दोघे माझ्या बाजूचे आहेत. एकाचं म्हणणं असं की लग्नातसुद्धा नवऱ्या मुलाला “हसा” म्हणून आपण हसवतोच. मला हा युक्तिवाद पटत नाही. नवऱ्या मुलानं फोटोग्राफरला बोलावलेलं असतं.

कोटेशन अजून त्याच्याकडे आहे, पण त्यातले कॅमेरा आणि हाउसिंग खोडून दुसरा स्ट्रोब आणि हाउसिंगवर बाहेरून बसणारी रुंद कोनाची लेन्स एवढंच उरलं आहे. पुढची खेप कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाची. तिथलं पाणी अधिक निळं, डाइव्ह अधिक खोल. त्याआधी जास्त खोलीवर हवा किती पटीनं लागते याचा हिशेब त्यानं कागदावर मांडून आणावा, असं ठरलं आहे. लग्नसराई सुरू झाल्यामुळे तो कागद अजून आलेला नाही.